त्रेचाळीस दगड

क्लेमेंटी भागातलं आईचं घर आवरताना सगळ्यात शेवटी देऊळ उरलं. भांडी गेली, पुस्तकांची खोकी मरीन परेडला माझ्याकडे पोचली, सोफा खालच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने नेला. बाबांचे शर्ट मी दोनदा पिशवीत भरले आणि दोनदा काढून पुन्हा कपाटात लावले. तिसऱ्यांदा माझ्या मुलीने, इराने, पिशवीला गाठ मारली आणि ती दाराबाहेर नेऊन ठेवली. मग दिवाणखान्यात आम्ही तिघी उरलो, आई, मी आणि इरा, आणि बुटक्या कपाटावरचं ते काळसर करडं देऊळ. उंची हातभर. दगड त्रेचाळीस. चुना नाही, सिमेंट नाही, गोंद नाही. दगडावर दगड ठेवलेला, एवढंच. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, "हे कुठलं देऊळ?" आणि बाबा म्हणायचे, "कुठलंच नाही. आमचं आहे."

बाबांना जाऊन आता वर्ष होईल. मी सावकाश लिहिते, दिवसाला अर्धं पान, कधी तेवढंही नाही. त्यांच्याविषयी लिहायला बसले की आधी हॉस्पिटल आठवेल, अशी मला भीती होती. पण आठवतो तो गोंदाचा वास, आणि हसू येतं. म्हणून बाकीचं राहू दे. ज्या वर्षी ते देऊळ उभं राहिलं, तेवढंच वर्ष लिहावं असं ठरवलं आहे. तेव्हा मी बारा वर्षांची होते.

आमचं घर नवव्या मजल्यावर. सकाळी साडेसहाला खाली कंपनीची बस यायची आणि बाबा तुआसच्या शिपयार्डात जायचे. ते गेले की घर आईचं आणि आवाजांचं. कुकरच्या शिट्ट्या, लिफ्टची घंटी, वरच्या कुठल्यातरी मजल्यावरून कचऱ्याच्या नळातून गडगडत खाली जाणारं काहीतरी, आणि दुपारी शेजारच्या चिनी आजींच्या घरातून माजाँगच्या सोंगट्या ढवळल्याचा खळखळाट. आई म्हणायची, "तांदूळ निवडल्यासारखा आवाज येतो, पण यांचे तांदूळ काही संपत नाहीत." ती नारळाच्या वड्या करायची त्या इथल्या माडाच्या काळपट गुळाच्या, गुला मलाकाच्या. पुण्याच्या आत्याला त्या रंगामुळे करपलेल्या वाटल्या होत्या. मला अजूनही पांढऱ्या वड्या आजारी माणसासाठी केल्यासारख्या वाटतात.

बाबा दिवसभर पोलादाचे पत्रे एकमेकांना जोडणाऱ्या लोकांवर देखरेख करायचे. वेल्डिंग कुठे कच्चं राहिलंय हे त्यांना नुसत्या नजरेने कळायचं. आणि अशा माणसाला वेड लागलं होतं ते दक्षिणेतल्या दगडी देवळांचं, ज्यांत काहीच कशाला जोडलेलं नसतं. मला वाटतं, त्यांना तो थोडा अपमान वाटत असावा. "हजार वर्षं, मिनू," ते जेवताना मधेच म्हणायचे, "आणि एक टाका नाही. आमचं जहाज पंचवीस वर्षांत भंगारात जातं." आई वाटीत आमटी वाढत म्हणायची, "देवळाला समुद्रात जावं लागत नाही." यावर बाबा विचारात पडायचे आणि त्यांची आमटी गार व्हायची.

दर डिसेंबरात भारतात, पुण्याला जाताना आम्ही मद्रासला उतरून चार दिवस वाट वाकडी करायचो. तंजावर, महाबलीपुरम, कधी नावही न ऐकलेलं एखादं खेडं. आई देवदर्शन घेऊन पायरीवर आमच्या चपला सांभाळत बसायची, आणि बाबा खिशातून मोजपट्टी काढून दोन खांबांमधलं अंतर घ्यायचे. एकदा पहारेकऱ्याने त्यांना हटकलं. भाषा कळेना, तेव्हा त्यांनी मोजपट्टीचं दुसरं टोक त्याच्याच हातात दिलं, आणि तो बिचारा पाच खांब होईपर्यंत ते धरून उभा राहिला. अशाच एका मंडपात मी विचारलं होतं, "बाबा, इतके खांब कशाला? देव दिसतच नाही." बाबा खात्रीने म्हणाले, "राजाची श्रीमंती, मिनू. जितके खांब, तितकं वैभव." मी ते वहीत लिहून घेतलं. ते चूक होतं, हे कळायला आम्हाला दोन वर्षं लागली.

शाळेत मला दुसरी भाषा तमिळ होती. मराठीची सोय नव्हती, हिंदीचीही तेव्हा नव्हती, आणि चिनी अक्षरं पाहून आईला घेरी आली, म्हणून तमिळ. मी फार कमी बोलायचे. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायचे नाही. प्रगतिपुस्तकावर दर वर्षी तेच एक इंग्रजी वाक्य असायचं की मुलीने अधिक बोलावं. पण तमिळ मला आवडायची, कारण ती घरात कुणालाच येत नव्हती. ती माझी एकटीची होती.

इथल्या देवळांचा दर बारा वर्षांनी जीर्णोद्धार होतो. त्यासाठी तमिळनाडूतून कारागीर येतात, काही महिने राहतात, काम संपलं की कुंभाभिषेक होतो आणि ते परत जातात. त्या वर्षी आमच्यापासून बसने अर्ध्या तासावरच्या एका देवळात काम निघालं. आवारात एक नवं छोटं दगडी देऊळ बसवायचं होतं. त्याचे दगड तिकडेच घडवून, प्रत्येकावर आकडा घालून, लाकडी पेट्यांतून जहाजाने आले होते. बाबांना शिपयार्डात कुणाकडून तरी हे कळलं. रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते मला म्हणाले, "चल. तुझ्या तमिळचं काम आहे."

मुरुगेसन अय्या तिथले मुख्य स्थपती, म्हणजे देऊळ आखणारे आणि उभं करणारे. साठीचे असतील. गुडघ्यापर्यंत दुमडलेली लुंगीवजा वेष्टी, कपाळावर भस्म, भुवयांवरही पांढरी धूळ, त्यामुळे भस्म कुठे संपतं आणि धूळ कुठे सुरू होते ते कळायचं नाही. बाबांनी मला पुढे ढकललं. मी पाठ्यपुस्तकातल्या तमिळमध्ये, एका दमात, म्हटलं की माझे वडील आपल्या कार्याचं अवलोकन करण्यास उत्सुक आहेत. अय्यांनी छिन्नी खाली ठेवली. "पाप्पा," लहान मुलीला हाक मारतात तसं ते म्हणाले, "तू रेडिओवर बातम्या देतेस का?" त्यांची माणसं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मग त्यांनी एक दगड छिन्नीने टिचकावला, घंटेसारखा आवाज आला. दुसरा टिचकावला, तो बद्द वाजला. "हा देवाचा, हा पायरीचा," ते म्हणाले, "वडिलांना सांग." मी सांगितलं. तेव्हापासून सगळे रविवार आम्ही तिथेच.

बाबा विचारायचे, मी तमिळमध्ये नेऊन पोचवायचे, उत्तर मराठीत परत आणायचे. एका सकाळी मी शाळेतल्या आठवड्याहून जास्त बोलायचे आणि ते माझ्या लक्षातही यायचं नाही. अय्यांनी मला देवळाची सहा अंगं शिकवली, स्वतःच्या शरीरावर हात ठेवून. अधिष्ठान म्हणजे पाऊल, पाद म्हणजे पाय, प्रस्तर म्हणजे खांदे, ग्रीवा म्हणजे मान, शिखर म्हणजे डोकं, आणि सगळ्यात वर स्तूपी, ती शेंडी. आपण सगळ्या उंच भागाला शिखर म्हणतो. त्यांच्याकडे शिखर म्हणजे फक्त वरची टोपी. बाबांनी ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. शेंडी म्हणताना अय्या स्वतःच्या टकलावर हात ठेवून खेदाने मान हलवायचे, दर वेळी, आणि मी दर वेळी हसायचे.

त्याच सुमाराला शाळेत प्रदर्शन जाहीर झालं. विषय होता, वस्तू उभ्या कशा राहतात. मी घरी सांगितलं मात्र, बाबांनी त्याच संध्याकाळी ड्रॉइंगचा कागद पसरला. चार दिवसांत त्यांनी एका छोट्या देवळाचा नकाशा काढला, समोर ऐटबाज मोकळा मंडप असलेला, आणि तो गुंडाळून रविवारी अय्यांसमोर उलगडला. अय्यांनी बराच वेळ पाहिलं. मग आवारातली एक लांब पातळ दगडी पट्टी उचलून दोन विटांवर टेकवली आणि मधोमध पाय दिला. कट्. पट्टीचे दोन तुकडे झाले.

"वडिलांना सांग," ते म्हणाले, "हे जहाज काढलंय त्यांनी. लोखंडाला वाकता येतं. दगडाला फक्त ओझं घेता येतं. लांब तुळई टाकली की ती खालच्या बाजूने फाटते. म्हणून खांब जवळ जवळ."

मी सांगितलं. बाबांनी ते दोन तुकडे उचलून एकमेकांना लावून पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे ते खांब..."

"श्रीमंतीसाठी नव्हते," मी म्हणाले. माझ्या वहीतलं ते वाक्य मला तोंडपाठ होतं.

"इंजिनियर आहे मी," बाबा म्हणाले. "मला कळायला हवं होतं, मिनू. पोलाद बघून बघून माझे डोळे गेलेत." आणि ते इतके मोकळेपणाने हसले की अय्यांनाही, काही न कळता, हसू आलं. मोठ्या माणसाने चूक झाली असं म्हणून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढे आयुष्यात फार वेळा पाहिलं असंही नाही.

नकाशा बदलला. खांब चाराचे आठ झाले, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडे हात पसरलेला एक आडवा दगड आला, म्हणजे तुळईला आधाराशिवाय कमी चालावं लागेल. अय्यांच्या माणसांनी उरलेल्या तुकड्यांतून दगड कापून दिले आणि अधिष्ठानाच्या कडेवरची कमळाची पाकळी अय्यांनी स्वतः कोरली. आईने वड्यांचा डबा पाठवला होता. अय्यांनी एक वडी तोंडात टाकून डोळे मिटले आणि विचारलं, "हे कुणी घडवलं?"

दगड देताना त्यांनी एकच अट घातली. गोंद नाही. "जे उतरवून पुन्हा रचता येतं, ते देऊळ. चिकटवलेलं असतं ते खेळणं. खेळण्याला मी दगड देत नाही. प्रदर्शनाला मी येईन. गोंद दिसला तर दगड परत घेऊन जाईन." मी प्रत्येक शब्द भाषांतरित केला. बाबांनी हात जोडून शब्द दिला. मीही दिला.

त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही जमिनीवर बसून जेवलो, कारण जेवणाच्या टेबलावर देऊळ होतं. बाबा कामावरून आले की हात धुऊन थेट टेबलाकडे. त्यांनी प्रत्येक दगडाच्या तळाला पेन्सिलीने आकडा घातला. एक ते त्रेचाळीस. त्रेचाळिसावी स्तूपी, सुपारीएवढी. मी रचायचे, ते बघायचे. मी उतरवायचे, पुन्हा रचायचे. ग्रॅनाइटवर ग्रॅनाइट नीट बसला की एक बारीक, कोरडा आवाज येतो, जणू कुणी "हं" म्हणालं. तो आला नाही तर बाबा म्हणायचे, "बसला नाही अजून." आई धूळ पुसताना बडबडायची, "दिवाळीच्या आधी हा देव हलला नाही ना, तर मी त्याला कचऱ्याच्या नळातून खाली सोडीन." पण पुसायची ती एकेका खांबाभोवती बोट फिरवून.

प्रदर्शन शनिवारी. शुक्रवारी सकाळी बाजाराच्या ट्रॉलीतून, जुन्या साडीत गुंडाळून, दगड शाळेत पोचवले. बाबा कामावर गेले. दुपारी शाळा सुटल्यावर मी एकटी हॉलमध्ये, टेबलावर एक लाकडी फळी ठेवून, तिच्यावर रचायला बसले. आजूबाजूला मुलं धावत होती, पंखे फिरत होते, कुणाच्या तरी काड्यांच्या पुलावर कुणीतरी बसलं आणि रडारड झाली. माझं टेबल डगमगत होतं. त्याच्या एका पायाखाली मी कागदाची घडी सरकवली, तरी डगमगत होतं. मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं की उद्या अय्या आलेत, सगळी शाळा जमलीय, कुणाचा तरी धक्का लागलाय आणि देऊळ माझ्या पायांशी पडलंय. कलेच्या कपाटात पांढऱ्या गोंदाची बाटली होती. मी आठही खांबांच्या खाली एकेक थेंब लावला. फक्त एकेक. घाईत दोन खांबांखाली दोन लागले.

संध्याकाळी बाबा तुआसहून परस्पर शाळेत आले, खांद्याला हेल्मेटची पिशवी. त्यांनी वाकून सगळीकडून पाहिलं. "सुंदर," ते म्हणाले. "मिनू, मला थोडं पाणी आणतेस?" मी कूलरपर्यंत जाऊन आले. शनिवारी सकाळी आई आमच्याआधी हॉलमध्ये पोचली होती. तिला टेबलापुढे रांगोळी काढायची होती. या दोन्ही गोष्टींचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

त्या सकाळी मला पोहे गेले नाहीत. बाबांकडे पाहवेना. मनात एकच, त्यांनी माझ्यासमोर हात जोडून शब्द दिला होता आणि तो मी मोडला होता. अय्यांना कळलं तर दगड जातील, ते ठीक; पण बाबांचं तोंड कसं होईल, हे मला बघायचं नव्हतं.

अय्या दहा वाजता आले. कडक पांढरी वेष्टी, कपाळावर या वेळी फक्त भस्म. काखेत घडी केलेलं एक रिकामं पोतं होतं. आमच्या वर्गशिक्षिका मिस लिम लगबगीने आल्या, मागून पंधरा-वीस पालक आणि मुलं. अय्यांनी देवळाभोवती एक फेरी मारली, पाकळीवर बोट फिरवलं आणि तमिळमध्ये मला म्हणाले, "छान. आता वरून उतरव आणि पुन्हा रच. सगळ्यांना दाखव."

"काय म्हणाले ते?" मिस लिमनी विचारलं.

त्या घोळक्यात तमिळ समजणारी मी एकटी होते. ही भाषा माझी एकटीची आहे याचा मला इतके दिवस आनंद होता. मी म्हणाले, "ते म्हणतात, फार छान झालंय."

मिस लिमनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. बाबांनी तर सगळ्यात जोरात. अय्यांनी टाळ्या थांबेपर्यंत वाट पाहिली. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण मी सांगितलेलं वाक्य फार आखूड होतं, एवढं कळायला इंग्रजी लागत नाही. ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले, ओरडणाऱ्याच्या नजरेने नव्हे. दगड टिचकावल्यावर आवाज ऐकताना ते जसे पाहायचे, तसे.

"अजून एक म्हणाले," मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "म्हणाले, हे उतरवून पुन्हा रचून दाखव."

मी वरून सुरुवात केली. मनात हिशेब असा की शेंडी, डोकं, मान, खांदे, एवढे येतील. खांबांपर्यंत पोचेतो घंटा तरी होईल. स्तूपीला हात घातला. ती निघेना. मी तिला गोंद लावलाच नव्हता! पुन्हा ओढली. ढिम्म. मी वर पाहिलं तर आई रांगोळीतली एक पूर्ण सरळ असलेली रेघ सरळ करत होती.

"आई?"

"जरा खळ लावली होती," आई रांगोळीकडेच बघत म्हणाली. "कणकेची. सुपारीएवढा तो दगड, कुणी पोर खिशात घालून नेलं म्हणजे?"

बाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, शब्द दिला होता आपण!"

"तुम्ही दिला होता. मी कुठे तिथे होते?"

स्तूपी पिळून काढली. खळ ओलीच होती. मग शिखराला हात घातला आणि ओढलं, तर शिखराबरोबर सगळी मानच वर आली आणि मानेखालचे दोन दगडही. मी ते तसंच हातात धरून बाबांकडे पाहिलं. बाबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"तू पाणी आणायला गेलीस ना," ते म्हणाले, "तेव्हा. आमच्या जहाजावरचा गोंद असतो ना, दोन नळ्यांचा. अगदी थोडा, मिनू. टेबल डगमगत होतं."

आणि मला रडू यायच्या ऐवजी हसू फुटलं. मी हातातलं ते चिकटलेलं डोकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "खांबांखाली मीपण लावलाय. आठही." मग तमिळमध्ये अय्यांना सगळं सांगितलं: आईची खळ, बाबांचा जहाजाचा गोंद, माझे आठ थेंब, आणि आधी सांगितलेलं खोटंही. बातम्यांसारखं नाही, जसं तोंडाला येईल तसं.

अय्यांनी पोतं उलगडलं. बाबांची मान खाली गेली. अय्यांनी ते पोतं जमिनीवर अंथरलं आणि त्यावर मांडी घातली. "बसा," ते आम्हा तिघांना म्हणाले. याचं भाषांतर करावं लागलं नाही. त्यांनी कनवटीची लहान छिन्नी काढली. "हॉल बंद कधी होतो?"

"एक वाजता."

"मग रचून झालं तर दगड तुमचे. नाही झालं, तर माझे."

मुख्याध्यापक येऊन गेले, पालक येऊन गेले, आणि आम्ही चौघं जमिनीवर बसून गोंद खरवडत होतो. आईने खळ पदराने पुसली आणि पर्समधून नेलकटर काढून माझा पांढरा गोंद सोलायला घेतला. बाबांचा गोंद मात्र हटेना. अय्यांनी सांध्यावर छिन्नी धरून एक नेमका घाव घातला. मान सुटली, पण तिच्या कोपऱ्याचा एक कपचा गोंदाबरोबर गेला. अय्यांनी तो बाबांच्या तळहातावर ठेवला. "बघा. गोंद सुटला नाही, दगड सुटला. मोकळा असता तर नुसता हलला असता आणि परत बसला असता." मी सांगितलं. बाबांनी तो कपचा खिशात घातला. पुढे कित्येक वर्षं तो त्यांच्या पेनांच्या डब्यात होता.

पाऊण वाजता मी रचायला उभी राहिले. पुन्हा घोळका जमला, आधीपेक्षा मोठा, कारण जमिनीवर बसून देऊळ खरवडणारं कुटुंब हेच त्या दिवशी सगळ्यात बघण्यासारखं होतं. मी एकेक दगड ठेवत गेले आणि, मला कुणी विचारलं नव्हतं तरी, मोठ्याने सांगत गेले: हे पाऊल, हा पाय, हे खांदे. खांब जवळ का, तेही सांगितलं. ते श्रीमंतीसाठी नसतात म्हटल्यावर बाबा मागून म्हणाले, "अगदी बरोबर!" शेंडीपाशी आल्यावर मी अय्यांच्या टकलाकडे पाहिलं आणि त्यांनी, दर वेळसारखी, खेदाने मान हलवली. त्रेचाळीस. हं.

अय्या उठले. त्यांनी टेबलाच्या कडेला तळहात लावला आणि ढकललं. सगळं देऊळ एकदम शहारलं, दगडांतून एक खोल किरकिर गेली, खांब केसभर कलले आणि परत जागेवर आले. त्यांनी पुन्हा ढकललं, अधिक जोरात. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. देऊळ उभं होतं.

अय्यांनी पोत्याची नीट चौकोनी घडी केली, बाबांच्या मदतीने देवळाची फळी उचलली, ती घडी फळीखाली सरकवली आणि रिकाम्या हातांनी, मिस लिमना नमस्कार करून, निघून गेले. देवळाचं काम संपलं होतं, दुसऱ्या दिवशी ते गावी परतले. आमची पुन्हा भेट झाली नाही.

ते पोतं आमच्या घरी इतकी वर्षं देवळाखाली होतं. परवा आवरताना पुन्हा दिसलं. धागे विरलेत, पण घडी तीच. इराने प्रत्येक दगडासाठी वर्तमानपत्राचा चौकोन फाडून ठेवला होता, मी चिकटपट्टीवर आकडे लिहिणार होते. आता हे मरीन परेडला माझ्या खिडकीशी बसायचं होतं, आणि आईही. आई खुर्चीत बसून बघत होती. तिचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे, पण तिचं लक्ष सगळीकडे असतं. मी हात धुतले आणि वरून सुरुवात केली. स्तूपीला धरून उचललं. शिखरही बरोबर वर आलं.

मी पिळलं. निघेना. खालून पाहिलं, तर सांध्यात एक बारीक पिवळट रेघ. जहाजाच्या गोंदाची.

मी आईकडे वळले. तिने दोन्ही हात वर केले. "माझ्याकडे बघू नकोस. माझी खळ इतकी टिकत नाही." मग जराशाने म्हणाली, "इरा वर्षाची होती तेव्हाचं असेल. दिसेल ते तोंडात घालायची ही. तुम्ही शनिवारी यायच्या, आणि हे शुक्रवारी संध्याकाळी दार लोटून काहीतरी करत बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, घड्याळ दुरुस्त करतोय."

"माझ्यासाठी चीटिंग केलं?" इरा म्हणाली, आणि मग इथल्या इंग्रजीत, "ग्रँडपा सो नॉटी, ला." आणि हसता हसता तिनेच आधी डोळे पुसले.

बाकीचे एकेचाळीस दगड हलकेच सुटले. प्रत्येकाच्या तळाला त्यांचा पेन्सिलीचा आकडा होता, थोडा पुसट, पण वाचता येणारा. माझ्याकडे आता छिन्नी आहे, ती कशी धरायची हेही ठाऊक आहे. एक नेमका घाव पुरला असता. मी शिखर आणि शेंडी तशीच एका कागदात गुंडाळली आणि चिकटपट्टीवर लिहिलं: ४२–४३.